पिकअपच्या मागं किती वजनाचं घर जोडता येईल?

पत्र: दादा, मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. दोन वर्षांपूर्वी डबल कॅबिन पिकअप घेतली. आबा आणि आई मुक्ताईच्या पालखीबरोबर बरीच वर्षं पंढरपूरला पायी गेले. आता दोघांचेही गुडघे साथ देत नाहीत. या आषाढीला पालखीच्या मागं मागं त्यांना गाडीनं न्यावं, मुक्कामाला स्वतःची खाट आणि स्वतःचा कमोड असावा, म्हणून पिकअपला जोडायचं चाकांवरचं घर करून घ्यायचं मनात आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा ओळखीचा फॅब्रिकेटर १६ फुटी घर बनवून देतो म्हणतो, रिकामं वजन १,६०० किलो. अशीच गाडी परदेशात ३,५०० किलो ओढते असं मी व्हिडिओत पाहिलं. आरसीचे आणि गाडीच्या पुस्तकातल्या पानाचे फोटो सोबत पाठवतोय. गाडी वजनकाट्यावर नेऊन आणली, तीही पावती जोडली आहे. वारीनंतर तोरणमाळही करायचं आहे. १,६०० किलो चालेल ना?

उत्तर:

भाऊ, १,६०० किलोचं घर तुमच्या गाडीमागं लावू नका. इसार दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर आजच फोन करून लोखंड कापायचं थांबवा. वारीचा बेत मात्र मोडू नका. तुमच्या गाडीमागं घर लागू शकतं, फक्त ते दुसऱ्या मापाचं असेल. किती मापाचं, ते तुम्ही पाठवलेल्या कागदांवरूनच काढू. पत्रासोबत काट्याची पावती जोडणारे वाचक फार थोडे असतात, त्यामुळं माझं काम बरंच सोपं झालं.

आधी त्या ३,५०० चं बघू. व्हिडिओतला आकडा खोटा नाही. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात या आकाराच्या बऱ्याच पिकअपना स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर ३,५०० किलोपर्यंत आणि बिगरब्रेकचा ७५० किलोपर्यंत, अशी मान्यता आहे. पण ती तिथं विकल्या जाणाऱ्या गाडीची मान्यता. तिचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, तिचा हूक, तिचं कूलिंग आणि तिची कागदपत्रं तिथली. तुमची गाडी इथं पास झालेली आहे, तेव्हा तिला तिचंच पुस्तक लागू. दुसरी गोष्ट, असे मोठे आकडे गाडी जवळजवळ रिकामी धरून काढलेले असतात. अमेरिकेत यासाठी एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या ११ मैलांहून लांब चढावर गाडी किती ओढते ते त्यात तपासतात. त्या चाचणीत गाडीत ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस, दोघंही प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोचे धरतात. तुमच्या गाडीत तुम्ही, वहिनी, आबा, आई आणि मुलगा बसणार. मागच्या हौद्यात सामान असणार. एकेक माणूस चढेल तसा तो मोठा आकडा खाली येतो.

मी उमेदवारी केली त्या गॅरेजमध्ये आमचे उस्ताद गिऱ्हाईकाला एकच विचारायचे: "गाडी वढस, पन थांबस का ते देख." हल्लीचं टर्बो डिझेल इंजिन ओढायला सहसा कमी पडत नाही. पहिल्या गिअरला ते तुमचं १,६०० किलोचं घर शेतातनं रस्त्यावर सहज काढेल, आणि तिथंच माणसाचा गैरसमज होतो. कमी पडतात ते मागचे पाटे, मागचा एक्सल, टायर, हूक आणि ब्रेक. यातलं जे सगळ्यात आधी संपतं, तीच तुमच्या गाडीची मर्यादा.

आता हिशेब. आरसीवर तुमच्या गाडीचं एकूण मान्य वजन, म्हणजे गाडी, माणसं, सामान सगळं धरून, २,७०० किलो आहे. रिकामं वजन २,००० लिहिलंय. तुम्ही सहज म्हणाल, ७०० किलोची सोय आहे. पण टाकी भरून काट्यावर गाडी २,१९० भरली. हे वरचे १९० किलो कुठून आले? हौद्यावरचं लोखंडी टप, पुढचा गार्ड, वरचं कॅरिअर, टूलबॉक्स आणि भरलेली डिझेल टाकी. गाडी सजवताना कोणी हे मोजत नाही, पण काटा मोजतो. पाच माणसांचे ३०० धरा, हौद्यातल्या सामानाचे १००. झाले २,५९०. हूकची फ्रेम आणि ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा मिळून ३५ किलोच्या आसपास जातील. म्हणजे २,६२५. शिल्लक राहिले ७५ किलो.

या ७५ किलोंत काय बसवायचं आहे? अख्खा ट्रेलर नव्हे. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. पण त्याचा पुढचा, जोडायचा दांडा तुमच्या हूकवर जो भार टाकतो, तो तुमच्या गाडीनं उचललेला असतो आणि या ७५ मधूनच वजा होतो. अशा घरासाठी दांड्यावरचा भार भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा असं अमेरिकेत सांगतात. युरोपात हूकच्या गोळ्यावर साधारण ७५ ते १०० किलोचीच मर्यादा असते, म्हणून तिथं त्याहून कमी टक्क्यांवर भागवतात आणि वेगही कमी ठेवतात. १० टक्के धरले तर ७५ किलोंत ७५० किलोचा ट्रेलर बसतो, तोही भरलेला.

तुमच्या पुस्तकातलं पान काय म्हणतं? ब्रेक असलेला ट्रेलर १,८०० किलो, बिगरब्रेकचा ७५०, हूकवरचा उभा भार १०० किलो, गाडी आणि ट्रेलर मिळून ४,३०० किलो. तुमची नजर १,८०० वर गेली, आणि १,६०० त्याच्या आत दिसलं. आता बाकीचे आकडे शेजारी ठेवून बघा. ४,३०० मधून भरलेली गाडी २,६२५ वजा करा, राहतात १,६७५. म्हणजे १,८०० तिथंच गेले. हूकवर १०० किलो चालतात, म्हणजे १० टक्क्यांनी १,००० किलोचा ट्रेलर. आणि गाडीची स्वतःची शिल्लक ७५, म्हणजे ७५०. चार आकड्यांतून चार उत्तरं आली. यातलं सगळ्यात लहान तुमचं.

आणि फॅब्रिकेटर सांगतो ते १,६०० तर रिकाम्या घराचं. त्यात १०० लिटर पाणी भरा, १०० किलो. भरलेलं घरगुती सिलिंडर ३० किलोच्या आसपास, कारण गॅस १४.२ किलो आणि तेवढंच लोखंड. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या १०० किलोंच्या वर. एसी, गाद्या, भांडी, किराणा, कपडे, खुर्च्या. ४०० किलो कधी झाले कळत नाही. वारीला निघताना ते घर २,००० किलोचं असेल आणि दांड्यावर २०० किलो टाकेल. तुमच्याकडं जागा ७५ ची.

हूकवरच्या भाराबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ज्याच्या घरी बैलगाडी होती त्याला हे मुळात ठाऊक असतं, फक्त गाडीला चार चाकं लागली की तो विसरतो. कडब्याची गाडी भरताना म्हातारी माणसं सारखी ओरडायची, 'पुढं घ्या', 'आता मागं सारा'. वजन पुढं जास्त झालं की गाडी धुरजड. जू बैलांच्या मानेवर बसतं, बैल पाय घासत चालतात. वजन मागं गेलं की गाडी उलाळ. जू वर उचललं जातं, सापती, म्हणजे जुवाचा पट्टा, बैलांच्या गळ्याला आवळते, आणि चढावर तर बैल अक्षरशः टांगले जातात. चांगली भरलेली गाडी किंचित धुरजड असते. मानेवर हलका दाब, बस्स. पिकअप आणि ट्रेलरचं गणित हेच आहे. दहा टक्के म्हणजे तो हलका दाब.

धुरजड ट्रेलरनं पिकअपचं काय होतं? हूक मागच्या एक्सलच्या मागं असतो. तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण ३.१ मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या चाकाच्या मागं १.२ मीटरवर येईल असं धरा. हूकवर १०० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर १०० नाही, १३९ किलो वाढतात, आणि पुढच्या एक्सलवरून ३९ किलो उचलले जातात. पहारीनं दगड उचलावा तसं. २०० किलो ठेवले तर मागं २७८ वाढतात, पुढचे ७८ हलके होतात. ज्या चाकांनी वळायचं आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा जोर असतो, तीच चाकं रस्त्यावर सैल पडतात. रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. गाडीचं नाक वर दिसलं की लोक मागचे पाटे वाढवून घेतात. पाटे वाढवून गाडी सरळ दिसते, एक्सलची आणि टायरची ताकद तेवढीच राहते, आरसीवरचे २,७०० ही तेवढेच राहतात. हे तुम्हाला कोणी सुचवलं तर ऐकू नका.

उलाळ ट्रेलर याहून वाईट. हे मी स्वतः भोगलंय. गॅरेजच्या सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याचं डिझेल इंजिन आणि पंप दोन चाकी ट्रेलरवर घेऊन मी एरंडोलकडून येत होतो. उतरवायला सोपं जावं म्हणून इंजिन मागच्या कडेला ठेवलं होतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर, बारीक उतारावर, काटा ६० च्या पुढं गेला आणि मागं शेपूट हलावं तसा ट्रेलर डावी-उजवीकडं झुलायला लागला. मी घाबरून ब्रेक दाबला. झुलणं दुप्पट झालं. ट्रेलर आडवा होऊन चारीत गेला आणि गाडीला घेऊन गेला. माणसं वाचली. इंजिन फुटलं, आणि त्याची भरपाई मी वर्षभर करत होतो. तोच ट्रेलर, तेच इंजिन दीड हात पुढं ठेवलं असतं तर मी घरी पोचलो असतो. म्हणून लक्षात ठेवा, ट्रेलर झुलायला लागला तर ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, त्याच्याशी झटापट करायची नाही, गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ट्रेलरला विजेवर चालणारा ब्रेक असेल आणि हाताशी त्याचा खटका असेल, तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावायचा. मग तो मागून ओढ देऊन सरळ होतो.

झुलण्यात वाऱ्याचाही हात असतो. दोन मीटर रुंद, अडीच मीटर उंच भिंत तुम्ही ओढत असता. मृगाच्या आधी तुमच्या रावेर-यावल पट्ट्यात जो वारा सुटतो आणि तासाभरात केळीच्या बागा आडव्या करतो, तो या भिंतीलाही सोडणार नाही. आभाळ तसं दिसलं तर हायवेवर चालत राहू नका. पेट्रोलपंपाच्या आडोशाला लावा आणि चाकांना दगड द्या.

आता ब्रेक. तुमचा फॅब्रिकेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. त्याच्या कारागिरीवर माझा संशय नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. ट्रॅक्टर सावकाश चालतो, जड असतो, म्हणून ते आजवर खपलं. पिकअप ६० नं चालते. बिगरब्रेकचं टनभर घर मागून ढकलायला लागलं तर तुमच्या गाडीच्या ब्रेकनं दोघांना थांबवायचं. पालखीच्या मागं, गर्दीत, समोर टाळ-मृदंगवाली माणसं असताना. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, वजन ७५० च्या खाली आलं तरी लावून घ्या.

ते दोन प्रकारचे मिळतात. एकात दांड्यामध्येच सरकती नळी असते. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं रेटतो, नळी आत दबते, तिच्या ओढीनं ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. वायरिंग नको, काही नको, युरोपात छोट्या घरांना हेच असतात. फक्त रिव्हर्स घेताना नळी दबून ब्रेक लागू नये याची सोय त्यात आहे ना, ते बघून घ्या. दुसरा प्रकार विजेचा. ड्रायव्हरपाशी कंट्रोलर बसतो आणि ट्रेलरचा ब्रेक वेगळा लावता येतो. तुमच्या वजनाला पहिला पुरेसा आहे. शिवाय दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या आडव्या घालून गाडीच्या चॅसीला अडकवा. हूक सुटला तरी दांडा जमिनीत न घुसता त्या साखळ्यांच्या झोळीत पडतो.

आता घाट. पालखीच्या वाटेवर बुलढाण्याकडं चढताना राजूर घाट लागतो. सुरतेकडं कधी गेलात तर कोंडाईबारी, संभाजीनगरकडं कन्नडचा घाट. चढताना काय होईल ते इंजिनचं तापमान सांगेल. उतरताना सांगणारा काटा डॅशबोर्डवर नसतो. तुमची गाडी आणि ते २,००० किलोचं घर मिळून ४,६०० किलो झाले. ५०० मीटर उंची उतरताना यातून जी ऊर्जा निघते, ती विजेच्या हिशेबात ६ युनिटांच्या वर भरते. ६ युनिट म्हणजे २,००० वॅटची शेगडी तीन तास. तुम्ही न्यूट्रलवर किंवा टॉप गिअरला उतरलात तर ती सगळी आच दहा-पंधरा मिनिटांत ब्रेकच्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये जाते. आधी वास येतो, मग पेडल लागतं पण गाडी थांबत नाही. जुने ट्रकवाले ज्या गिअरला घाट चढायचे त्याच गिअरला उतरायचे. तसंच करा. त्यात आपला उन्हाळा ४५ अंशांचा, डांबर त्याहून तापलेलं. वारी पावसाळ्यात निघते ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मग किती वजनाचं घर बनवायचं? आधी गाडी हलकी करा. पुढचा गार्ड आणि वरचं कॅरिअर काढा, ४५ किलो सुटले. हौद्यातलं ६० किलो सामान ट्रेलरमध्ये, चाकांच्या बरोबर वर ठेवा. ७५ ची शिल्लक १८० झाली. आता हूकचे १०० किलो ही मर्यादा ठरते, आणि तीही काठोकाठ वापरू नका. भरलेलं घर ९५० किलोवर थांबवा आणि दांड्यावरचा भार ९० च्या आसपास ठेवा. त्या हिशेबानं गाडी दांड्याच्या भारासकट २,६१० किलोवर राहते, गाडी आणि घर मिळून ३,४७०. सगळे आकडे आत बसतात, आणि रस्त्यात आईनं दोन पोती प्रसादाचं सामान घेतलं तरी जीव घाबरा होत नाही.

९५० भरलेलं म्हणजे ६५० ते ७०० रिकामं. १६ फूट विसरा, १२ फूट धरा. फॅब्रिकेटर अँगल आणि पत्र्याच्या भिंती करणार असेल तर हे जमणार नाही. १६ गेजचा नुसता पत्राच चौरस मीटरला साडेबारा किलो भरतो, त्यावर आतला सांगाडा वेगळा. तुमच्या भागात केळीची पिकवणी केंद्रं आणि कोल्ड स्टोरेज ज्या पफ पॅनेलची असतात, तेच पॅनेल घ्या. ५० मिलिमीटर जाडीचं, दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर पत्रा, चौरस मीटरला सुमारे १० किलो. त्याला वेगळा सांगाडा फारसा लागत नाही आणि उन्हाचा तापही तेच अडवतं. १२ फूट लांब, २ मीटर रुंद, माणूस उभा राहील एवढ्या उंचीच्या घराला भिंती आणि छत मिळून २८-२९ चौरस मीटर लागतात, म्हणजे ३०० किलोच्या आत. चॅसी, एक्सल आणि चाकांना २०० धरा, प्लायची जमीन, दोन खाटा, कमोडची छोटी खोली. जमतं. एसी नको. आषाढात त्याची गरज नाही आणि त्याच्यासाठीच्या बॅटऱ्या तुमचं सगळं गणित खातात. एक बॅटरी, दोन पंखे, दिवे. पाण्याची टाकी ५० लिटरची, एक्सलच्या वर बसवलेली, आणि ती मुक्कामाला पोचल्यावर भरायची. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर हिंदकळतं. खाटा चाकांच्या आजूबाजूला घ्या, स्वयंपाकाचा ओटा मागच्या भिंतीला लावू नका. एकदा वेल्डिंग झालं की एक्सल सरकवणं जिवावर येतं, म्हणून आतली मांडणी कागदावर पक्की झाल्याशिवाय एक्सलची जागा ठरवू देऊ नका.

घर तयार झालं की पहिला फेरा काट्यावर. तुमच्या आजूबाजूला जिनिंगचे आणि बाजार समितीचे भुईकाटे आहेत. हंगाम नसताना गेलात तर काट्यावरचा माणूस घाई करणार नाही. सगळी माणसं आणि सामान बसवून आधी नुसती पिकअप तोला. मग नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून. नंतर ट्रेलर जोडा आणि ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून पुन्हा पिकअप तोला. पहिल्या आणि या वजनात जो फरक येईल तो दांड्यावरचा भार. शेवटी ट्रेलर सोडून एकटा. भुईकाटा १० किलोंचा टप्पा घेतो, त्यामुळं दांड्याचं वजन त्यावर नीट कळत नाही. त्यासाठी केळी किंवा धान्य तोलायचा ३०० किलोंचा इलेक्ट्रॉनिक काटा आणा, त्यावर लाकडी ठोकळा ठेवा आणि दांडा हूकच्या उंचीवर येईल असा त्यावर टेकवा. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दगड लावलेला हवा. आकडा ७० ते ९५ मध्ये आला पाहिजे. कमी आला तर सामान पुढं सरकवा, जास्त आला तर मागं. मागच्या चाकांच्या वजनात दांड्याच्या भारानं पडणारी भर मिळवा आणि ते टायरवरच्या आकड्याशीही ताडून बघा. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी दोन-तीन अंकी आकडा असतो. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १०४ असेल तर ९००, ९१ असेल तर ६१५. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्या म्हातारे होतात, तेव्हा नवे घेताना त्यांच्यावरचा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष वाचून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याचं पासिंग वेगळं, नंबर वेगळा, विमा वेगळा. तुमच्या फॅब्रिकेटरनं आजवर बनवलेल्या शेतीच्या ट्रॉलीचं पासिंग या घराला चालणार नाही. ७५० किलोपर्यंतचे ट्रेलर आणि त्यावरचे ३,५०० किलोपर्यंतचे, असे दोन वेगळे वर्ग आहेत, आणि तुमचा दुसऱ्यात येईल. म्हणून लोखंड आणण्याआधी रेखाचित्र घेऊन जळगावच्या आरटीओत जा आणि कोणती मंजुरी लागते ते लेखी विचारा. हूक बसवल्याचं विमा कंपनीलाही कळवा. पासिंग होत नाही असं उत्तर मिळालं तर मंजुरी असलेल्या कारखान्याचं तयार छोटं घर घ्या. त्याच्या प्लेटवर एकूण वजन छापलेलं असतं, ते १,००० च्या आत बघा.

आणखी एक, आणि इथं मी तुमच्याकडून शब्द मागतो. चालत्या ट्रेलरमध्ये आबांना झोपवून नेऊ नका. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण खाट आहे, पाय दुखतात, थोडं पडून येतील, असं कोणीतरी म्हणेलच. तिथं बेल्ट नाही, आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि काही झालं तर सगळ्यात आधी आडवं होणार ते घरच. दर दीड तासाला थांबा, दोघांना घरात नेऊन पाय लांब करू द्या, चहा करा, मग पुन्हा पिकअपमध्ये बसवा.

तोरणमाळला घर न्यायचं नाही. शहाद्याहून म्हसावदमार्गे वर जाताना सातपायरीच्या घाटात जी वळणं येतात, तिथं समोरून एसटी आली तर तुम्हाला मागं घ्यावं लागेल, आणि ट्रेलर घेऊन चढावर रिव्हर्स येणं हे वर्षानुवर्षं ट्रेलर चालवणाऱ्यालाही सोपं नसतं. घर शहाद्यात ओळखीच्या वाड्यात लावा, नुसती पिकअप वर न्या. यशवंत तलावाकाठी आई-आबांना बसवा आणि संध्याकाळी खाली या. राजूर घाटातही पालखीच्या गर्दीत शिरू नका. पहाटे आधी निघून घाट मोकळा असताना वर जा आणि पुढच्या मुक्कामाला घर लावून पालखीची वाट बघा.

प्रस्थानाला अजून वेळ आहे. रेखाचित्र झालं की एक्सल कुठं येतो ते मोजून मला पाठवा, आणि घर जोडून काट्यावर गेलात की चारही पावत्यांचे फोटो पाठवा. त्या बघितल्याशिवाय मुक्ताईनगरच्या पुढं जाऊ नका.